महापुरात अनोळखी माणसाला बाहेर काढताना

पूर आला की पहिले काही तास जो जवळ उभा असतो तोच बचावपथक. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे, पण २०१९ आणि २०२१ ला कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला होता. रस्ता बंद, वीज बंद, फोनला रेंज नाही. अशा वेळी गल्लीतल्या, वाटेवरच्या, नावही माहीत नसलेल्या माणसांनी एकमेकांना काढलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईतही असंच झालं.

धाडस लागतंच, पण नुसत्या धाडसाने वाचवायला गेलेलाच बुडतो. पुरात काय करायचं ते आधी माहीत असलं की धाडसाला दिशा मिळते. आणि यातलं सगळ्यात अवघड काम दोर फेकण्याचं नसून, तुम्हाला कधी न पाहिलेल्या माणसाने तुमच्या शब्दावर घर सोडावं, तुमचा हात धरावा, हे घडवून आणण्याचं आहे. म्हणून इथे दोराइतकंच बोलण्याबद्दल लिहिलं आहे.

पाण्यात पाय घालण्याआधी

सगळे पूर सारखे नसतात. सांगलीत कृष्णा चढते ती हळूहळू. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, आणि मधे हालचालीला वेळ मिळतो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३. चिपळूणला तसं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी रात्रीतून शहरात शिरलं. तिथे वरून पाऊस आणि खालून भरती अशी दोन्हीकडून कोंडी होते, त्यामुळे तासाभरात पायरीचं पाणी माळ्याला लागू शकतं. तुमची नदी कुठल्या जातीची आहे त्यावर समजूत घालायला किती वेळ आहे ते ठरतं.

भिंतीवर विटेने किंवा खडूने पाण्याच्या रेषेला खूण करा आणि १५ मिनिटांनी परत बघा. चार बोटं चढलं असेल तर तासाभरात ते वीतभरापेक्षा बरंच जास्त चढेल. हा हिशेब तोंडाने मोठ्याने सांगा, म्हणजे आजूबाजूच्यांनाही कळतो.

वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी धडधाकट माणसाचे पाय उचलतं. एक फुटात छोटी मोटार तरंगायला लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. पाण्याचा रंग गढूळ असतो, तळ दिसत नाही, म्हणून खोलीचा अंदाज कायम कमीच बांधला जातो.

मग फोन. ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, मुंबईत १९१६. काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा, कारण फोन अर्ध्यात तुटतो:

- गाव, गल्ली आणि दुरून दिसणारी एक खूण (पाण्याची टाकी, देवळाचा कळस, मोबाइलचा टॉवर)
- माणसं किती, त्यांतली चालू न शकणारी किती, लहान मुलं आणि गरोदर बाई आहे का
- पाणी कुठवर आलंय, तेही वस्तूवर मोजून: "खिडकीच्या खालच्या चौकटीला लागलंय"
- बोट कुठल्या बाजूने येऊ शकेल, तारा कुठे लोंबतायत

ट्रान्सफॉर्मर, विजेचा ओला खांब आणि पत्र्याच्या शेडचा लोखंडी खांब यांच्यापासून लांब राहा. महावितरणला फोन करून फीडर, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणारी लाइन, बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय त्या बाजूने कुणालाही नेऊ नका. पाण्यात उतरल्यावर पायाला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर पाय न उचलता, छोट्या सरकत्या पावलांनी आल्या वाटेने मागे या.

हाक कशी मारायची

गच्चीवर किंवा माळ्यावर अडकलेला माणूस घाबरलेला असतो, आणि खालून चार जण एकदम ओरडत असतील तर त्याला काहीच समजत नाही. बोलणारा एकच हवा. बाकीच्यांनी गप्प राहायचं. हे कडक वाटेल, पण याने जीव वाचतात.

पहिल्या वाक्यात तुमचं नाव आणि तुम्ही कुठले ते सांगा. "मी संतोष, वरच्या गल्लीतल्या किराणा दुकानाजवळचा" एवढं पुरतं. गावाकडे माणसाला ओळखीचा एक धागा मिळाला की तो ऐकायला लागतो. मग त्याचं नाव विचारा आणि पुढचं प्रत्येक वाक्य नावाने किंवा नात्याने बोला: मावशी, मामा, दादा, ताई. नावाने हाक मारली की घाबरलेला माणूस तुमच्याकडे बघतो, आणि बघितलं की सूचना कळतात.

त्यानंतर तीनच प्रश्न. किती जण आहात? कुणाला लागलंय किंवा कुणाची गोळी-औषधं चालू आहेत? दोरी, ट्यूब, शिडी यांतलं काय आहे? या प्रश्नांनी तुम्हाला माहिती मिळते आणि समोरच्याला हाताला काम मिळतं. काम मिळालं की भीती थोडी बाजूला सरते.

"काही होणार नाही" असं म्हणू नका. काय होणार ते तुम्हालाही ठाऊक नसतं, आणि पाणी आणखी चढलं की तुमच्या पुढच्या शब्दावरचा विश्वास जातो. त्यापेक्षा खरं सांगा: "बोट यायला वेळ लागेल. तोवर मी इथून हलणार नाही. दर दहा मिनिटांनी हाक मारीन." आणि मग खरंच मारा. वचन छोटं द्यावं, पण चुकवू नये.

माणसं घर सोडायला नकार देतात, तो हट्ट नसतो. त्यामागे ठरावीक कारणं असतात आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर लागतं. सगळ्यात मोठं कारण म्हणजे मागच्या पुराची आठवण. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात असंख्य लोक याच भरवशावर थांबले की २००५ ला पाणी इथवर आलं नव्हतं. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि २००५ ची रेषा बुडाली. वाद घालण्यापेक्षा भिंतीवरची खूण दाखवा.

दुसरं कारण गोठ्यातलं. कृष्णाकाठची म्हातारी बाई म्हशीला दावणीला बांधलेली सोडून बोटीत बसणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे. बोलणं साधारण असं होतं:

"मी न्हाई येत. माझी म्हस हाय."

"आजी, म्हस दावणीची सोडतो आधी. तुमच्या डोळ्यांदेखत सोडतो. ती पोहती. तुमास्नी पोहता येतंय का?"

"न्हाई."

"मग तिला सोडतो, तुम्ही उतरा. कागदं कुठं हायत?"

जनावराचं दावं कापणं हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते न केल्यामुळे अर्धा तास समजूत घालण्यात जातो. मोकळं सोडलेलं जनावर उंचवट्याकडे जातं, बांधलेलं जागेवर बुडतं. म्हणून खिशात विळा किंवा धारदार सुरी असावी.

तिसरं कारण घराला कुलूप आणि चोरीची भीती. त्यावर एकच उपाय आहे. आधारकार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक, औषधाच्या चिठ्ठ्या आणि दागिने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी त्यांच्याच कपड्यांच्या आत. तुम्ही स्वतःकडे काहीही ठेवायला घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

दोर आणि तरंगणारी वस्तू

क्रम पाठ असावा: आधी आवाज, मग काठी, मग दोर, मग बोट. स्वतः पोहत जाणं शेवटी, आणि तेही प्रशिक्षण असलेल्यानेच. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या खांद्यावर चढतो. त्यात त्याचा दोष नसतो, शरीरच तसं वागतं.

फेकायच्या दोराची पिशवी घरी बनवता येते. ८ ते १० मिलिमीटर जाडीचा पॉलिप्रॉपिलीनचा दोर १५ ते २० मीटर घ्या. हा दोर पाण्यावर तरंगतो, सुती किंवा नायलॉनचा बुडतो. एका टोकाला पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन बांधा आणि त्यात ओंजळभर पाणी घालून झाकण घट्ट लावा. पूर्ण रिकामा कॅन वाऱ्याने उडतो, जास्त भरला तर डोक्याला लागतो. दोर गुंडाळी करून ठेवू नका, ती फेकताना अडकते. कापडी पिशवीत टोकापासून मूठमूठ कोंबत जा, म्हणजे तो सुटत सुटत बाहेर येतो.

फेकण्याआधी नावाने हाक मारा आणि नजरेला नजर मिळू द्या. मग "दोर!" असं ओरडून खालून वर हात झोकून फेका, कॅन माणसाच्या डोक्यावरून थोडा पलीकडे पडेल असा, म्हणजे दोर त्याच्या अंगावर येतो. त्याने दोर छातीशी दोन्ही हातांनी धरायचा, पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे. तुम्ही खाली बसून टाचा रुतवा आणि ताण येऊ द्या. प्रवाहच त्याला झोका देत तुमच्या काठाला आणतो. उलट्या प्रवाहात ओढत बसलात तर त्याच्या तोंडावर पाणी येतं आणि हात सुटतात.

दोर हाताला गुंडाळायचा नाही आणि कमरेला बांधायचा नाही, ना फेकणाऱ्याने ना धरणाऱ्याने. वाहत्या पाण्यात बांधलेला माणूस दोराला ताण आला की पाण्याखाली जातो. काखेतून घट्ट न होणारी गाठ मारून माणसाला वर खेचणं हे फक्त गच्चीवर किंवा भिंतीवर चढवताना.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे रस्त्याच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत सरळ आडवा दोर ताणणं. माणसाच्या वजनाने तो मधे वाकतो, आणि धरून चालणारा बरोबर मधोमध, सगळ्यात जोरदार धारेत अडकतो. दोर तिरका बांधा. सुरुवातीचं टोक प्रवाहाच्या वरच्या अंगाला, बाहेर पडायचं टोक खालच्या अंगाला. तेव्हा पाणीच माणसाला पुढे सरकवतं.

माणसांची साखळी फोटोत चांगली दिसते, पण ती मांडीच्या खालच्या, संथ पाण्यापुरतीच. तळहात धरायचा नाही, एकमेकांची मनगटं धरायची. चालायचं असेल तर साखळीपेक्षा रांग बरी: सगळ्यात ताकदीचा प्रवाहाकडे तोंड करून पुढे, त्याच्या हातात सहा-सात फुटांचा बांबू, मागचे त्याच्या खांद्याला किंवा कमरेला धरून, म्हातारी माणसं आणि मुलं मधे. बांबू आधी टेकवायचा, मग पाऊल. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत एका नामवंत डॉक्टरांचा जीव उघड्या मॅनहोलने घेतला. पाण्याला कुठे भोवरा दिसला तर त्याच्या जवळून जायचंच नाही.

मोटारीत कुणी अडकलं असेल तर दाराशी झटत बसू नका, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते उघडत नाही. २००५ ला मुंबईत कित्येक जण गाडीतच दगावले. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात टोकदार वस्तूने मारा. पुढची काच तशी फुटत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका.

कधीकधी माणसांना न हलवणं हेच बरोबर असतं. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. हजाराच्या वर प्रवासी होते. अंधारात रुळांवर उतरण्यापेक्षा डब्यात थांबणं सुरक्षित होतं, आणि बचाव पथकांच्या जोडीला आजूबाजूच्या गावांतली माणसं उभी राहिली.

बोट, ट्यूब आणि काहील

उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळाची काहील, म्हणजे गूळ करायची मोठी कढई, पुरात बोटीसारखी वापरायची जुनी रीत आहे. ती तरते, पण बूड गोल आणि उथळ असल्याने गरगर फिरते आणि एक माणूस कडेला सरकला तरी कलंडते. वापरायचीच तर संथ पाण्यात, सगळे मधे खाली बसून, दोन्ही काठांवरून दोर धरून. ट्रॅक्टरची ट्यूब त्यापेक्षा भरवशाची. अंगाला बांधायला रिकाम्या, बूच घट्ट लावलेल्या पाच लिटरच्या दोन कॅनच्या जोडीत धडधाकट माणसाचं डोकं वर राहील एवढी तरणशक्ती असते. पाण्याचा २० लिटरचा जार त्याहून चांगला.

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि गावातली माणसं गेली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. हे ज्यांच्यावर ओढवलं त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. चढणाऱ्या पाण्यासमोर पोटची पोरं घेऊन उभा असलेला माणूस बोटीत शिरणारच. त्याला थांबवणारी व्यवस्था बोट येण्याच्या आधी लावावी लागते.

ती अशी लावा. बोट दिसण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्याने फेऱ्या वाचून दाखवा: पहिल्या फेरीत कोण, दुसऱ्या फेरीत कोण. आजारी, गरोदर, बाळंतीण आणि मुलं आधी, पण प्रत्येक मुलाबरोबर त्याचं एक मोठं माणूस. घराची ताटातूट झाली की मागे राहिलेला बाप तिसऱ्या फेरीची वाट बघत नाही, पाण्यात उडी मारतो. दोन फेऱ्यांच्या मधे काठावर थांबणाऱ्यांत तुमच्यातला एक जण असायलाच हवा. तो थांबलाय म्हणजे बोट परत येणार, हे बाकीच्यांना पटतं. रांग टिकते ती या एका माणसामुळे.

बोटीवर लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही जास्त नको, वाहत्या पाण्यात दोन कमीच घ्या. चढताना एकेक जण, खाली बसून, मधे सरकत. कुणी उभं राहायचं नाही, हात हलवायला किंवा फोटो काढायलाही नाही. उतरल्यावर डोकी मोजा आणि आकडा पुढच्या फेरीला सांगून पाठवा.

बाहेर काढल्यावर

बुडालेल्या माणसाला उलटं टांगणं, पोटावर दाबणं, गोल फिरवणं हे अजूनही गावोगाव होतं. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी श्वासनलिकेत शिरतं. श्वास चालत नसेल तर पाठीवर झोपवा, कपाळ मागे, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने २ ते ५ श्वास द्या. मग छातीच्या मधोमध तळहाताने ३० दाब, २ श्वास, असं चालू ठेवा. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२०. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला, दमलेल्या हाताचे दाब उथळ पडतात. १०८ ला फोन दुसऱ्याने करायचा. माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच, फुप्फुसांचा त्रास काही तासांनी उमटू शकतो.

शुद्धीत असलेल्याचे ओले कपडे आधी काढा, कोरडं अंगावर घाला, मग गोड चहा. दारू अजिबात नाही, तिने अंग आणखी गार पडतं. साप चावला असेल तर आवळून बांधू नका, चिरू नका. तो अवयव न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठा.

घरात, शाळेत, देवळात उतरवलेली माणसं

अनोळखी कुटुंब दारात आलं की त्यांना सगळ्यात आधी आडोसा हवा असतो, जेवण त्यानंतर. बायकांना कपडे बदलायला दार लागणारी खोली आणि न मागता ठेवलेले सॅनिटरी पॅड. मागायला लावू नका. संडास कुठे आहे ते आल्या आल्या दाखवा, नाहीतर बायका पाणी प्यायचंच टाळतात.

दारावर एक वही लटकवा: नाव, गाव, वय, बरोबर कोण आहे, कोण सापडत नाहीये, रोजची औषधं. शेजारच्या निवाऱ्यातल्या वहीशी दिवसातून दोनदा ताडून बघा. हरवलेली माणसं सापडतात ती बहुतेकदा अशा वहीतून. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्यांची यादी पहिल्याच संध्याकाळी औषधाच्या दुकानात पोचली पाहिजे. वीज नसेल तर इन्सुलिनची बाटली पिशवीत घालून ओल्या कापडात गुंडाळलेल्या माठात ठेवा.

पिण्याचं पाणी खळखळून उकळलेलं, उकळी आल्यावर एक मिनिट तरी. जुलाबाला एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, म्हणून घोटभर चव घ्या: अश्रूंपेक्षा खारट नको. पुराच्या पाण्यातून चाललेल्या प्रत्येकाने, पायाला जखम असो वा नसो, तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवून लेप्टोची (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) प्रतिबंधक गोळी घ्यायची का ते विचारावं. वाचवणाऱ्यांनी तर नक्की.

मदत मागताना नेमकं मागा: "८ ते १० वर्षांच्या मुलींचे ६ ड्रेस, ४ चादरी, २० लिटरचे ५ जार." नुसतं "कपडे पाठवा" म्हटलं की वापरलेल्या कपड्यांचे ढीग येतात आणि ते निवडण्यात चार माणसं अडकतात. ज्यांना मदत दिली त्यांचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि धान्याचं पोतं हातात देऊन तर नकोच. ती माणसं काल तुमच्याआमच्यासारखी स्वतःच्या घरात राहत होती.

निवाऱ्यातल्या माणसांना बसवून ठेवू नका. भाकऱ्या थापणं, वही लिहिणं, मुलांना गोळा करणं अशी कामं वाटून द्या. ज्याचं घर गेलंय त्याला दुसऱ्यासाठी काही करायला मिळणं फार मोलाचं असतं. पहिल्या रात्री कुणी बोलायला लागलं तर ऐका, खोदून विचारू नका. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, पाण्याच्या आवाजाने दचकायला होत असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तो वाचवणाऱ्यांसाठीही आहे. ज्याला ओढूनही काठाला आणता आलं नाही, त्याचा चेहरा त्यांच्यासमोर राहतो, आणि ते सहसा कुणाला सांगत नाहीत.

पाणी उतरलं की गाळ काढायला परत जा, शक्य असेल तर त्याच घरी ज्यांना तुम्ही काढलंत. गमबूट, हातमोजे, फावडं, ब्लीचिंग पावडर बरोबर न्या. मेन स्विच वायरमनने तपासल्याशिवाय कुणीही चालू करू नये. दोर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, बोटांनी सगळा चाचपून बघा. कुठे पीळ सुटलेला किंवा घासून केसाळ झालेला दिसला तर तेवढा तुकडा कापून बाकीचा जोडू नका, नवा घ्या. पिशवीत परत मूठमूठ भरून दाराच्या मागच्या खिळ्याला अडकवा, आणि ती कुठे आहे ते गल्लीतल्या चार घरांना सांगून ठेवा.